आरसिंकमध्ये वगळण्याच्या नियमांचा क्रम कसा लावावा

एक अख्खा फोल्डर बॅकअपमधून वगळायचा, पण त्यातला एकच उपफोल्डर ठेवायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण फाइली आणि फोल्डर एका ठिकाणाहून दुसरीकडे कॉपी करून ठेवणारी आरसिंक ही कमांड इथे भल्याभल्यांना चकवते. बहुतेक वेळा नियम ठीकच असतात, चुकलेली असते ती त्यांची रांग.

आरसिंक समोर आलेली प्रत्येक फाइल किंवा फोल्डर नियमांच्या यादीशी वरून खाली ताडून बघतं आणि जो नियम पहिल्यांदा जुळेल तिथेच थांबतं. त्याखाली काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एकही नियम जुळला नाही, तर फाइल जाते. गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) फाइली दुर्लक्षित करायची सवय असलेले इथे हमखास फसतात, कारण तिथे शेवटचा जुळणारा नियम चालतो.

सुरुवातीला सगळे नियम एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आणा, एका ओळीत एक. ठेवायचं त्याआधी अधिक, वगळायचं त्याआधी उणे आणि मग एक मोकळी जागा. त्या फाइलला ‘नियम’ असं नाव दिलं, तर कमांडमध्ये फिल्टर हा पर्याय देऊन अवतरणचिन्हांत ‘. नियम’ लिहायचं, टिंबानंतरची जागा विसरू नका. हे सुटे नियम थेट कमांडमध्येही देता येतात आणि तिथेही लिहिलेला क्रमच पाळला जातो, पण लांबलचक कमांडमध्ये तो डोळ्यांना दिसत नाही.

आता उदाहरण. ‘कामे’ या फोल्डरात ‘जुने’ आहे, आणि ‘जुने’मधलं फक्त ‘करार’ हवंय. पहिल्या झटक्यात आपण लिहितो:

- /जुने/
+ /जुने/करार/

करार जात नाही. वरचाच नियम लागू पडला, हे आता कळतं. मग ओळींची अदलाबदल करतो:

+ /जुने/करार/
- /जुने/

तरीही जात नाही! मी इथे एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. कारण असं की आरसिंक फोल्डरांतून एकेक पायरी आत उतरतं. आधी ‘जुने’ समोर येतो, पहिली ओळ त्याला जुळत नाही, दुसरी जुळते आणि दार बंद. ‘करार’पर्यंत ते पोचतच नाही. दार उघडं ठेवून फक्त आतला माल वगळायचा:

+ /जुने/करार/
- /जुने/*

फरक एका ताऱ्याचा आहे. एकेरी तारा तिरकी रेघ ओलांडत नाही, त्यामुळे करारच्या पोटातल्या फाइलींना दुसरी ओळ जुळत नाही आणि त्या सुखरूप जातात.

उलट, करार सोडून ‘कामे’मधलं काहीच नको असेल, तर:

- *~
+ /जुने/
+ /जुने/करार/***
- *

शेवटची ओळ प्रत्येक पातळीवर लागू होते, म्हणून वाटेतला प्रत्येक फोल्डर नाव घेऊन उघडावा लागतो. तीन तारे म्हणजे तो फोल्डर आणि त्यातलं सगळं. एडिटरने मागे ठेवलेल्या, ~ ने संपणाऱ्या फाइली वगळणारी ओळ मुद्दाम सर्वांत वर आहे. ती तिसऱ्या ओळीखाली गेली, तर करारमधला तो कचराही जाईल.

सुरुवातीची तिरकी रेघ डिस्कच्या मुळाशी नेत नाही, ती जिथून सिंक सुरू होतं तिथली. वरचे नियम स्रोत ‘कामे/’ असा शेवटी रेघ देऊन लिहिला तरच चालतील. रेघ नसेल, तर ‘/कामे/जुने/’ असं लिहावं लागेल.

खरी कमांड चालवण्याआधी तिला ड्राय-रनचा पर्याय जोडा आणि व्हर्बोज (सविस्तर माहिती दाखवणारा पर्याय) दोनदा द्या. काहीही कॉपी न होता कोणती फाइल कोणत्या नियमामुळे लपवली गेली, ते ओळीनिशी दिसेल. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

कमांडमध्ये डिलीट (स्रोतात नसलेल्या फाइली बॅकअपमधूनही काढणारा पर्याय) असेल, तर आणखी एक गोष्ट बघून ठेवा. नव्याने वगळलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती बॅकअपच्या ठिकाणी तशाच राहतात, कारण वगळलेल्या फाइलींना डिलीट हात लावत नाही. त्यांनाही उडवणारा ‘डिलीट-एक्स्क्लूडेड’ हा वेगळा पर्याय आहे. नियमांचा क्रम चुकलेला असताना तो दिला, तर करारची बॅकअपमधली प्रतही जाईल. तेव्हा ड्राय-रनमध्ये ‘करार’ नीट दिसेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका.