वेल हिरवागार, पण काकडी नाही : या चुका टाळा

काकडीचे पान पिवळे दिसले की खत, वेल मलूल दिसला की पाणी आणि फूल गळले की फवारणी, असे उपाय कारण न पाहता सुरू केले जातात आणि घरच्या बागेतील बरेचसे नुकसान या घाईतच होते. वरवर सारख्या दिसणाऱ्या तक्रारींची कारणे काकडीत अगदी वेगळी असतात.

सर्वांत जास्त गैरसमज फुलांबाबत आहेत. वेलावर आधी नर फुले येतात आणि ती उमलून गळून पडणे हा त्यांचा स्वाभाविक क्रम आहे. देठाशी बारीक काकडी असलेली मादी फुले बहुधा आठवडा-दोन आठवड्यांनी दिसू लागतात. या मधल्या काळात धीर सुटून युरिया किंवा शेणखताचे पाणी दिले जाते. यातून नत्र (नायट्रोजन) जास्त झाले की पाने तळहाताहून मोठी आणि गडद हिरवी होतात, वेल मांडवभर पसरतो, पण मादी फुले लांबतात. अशा वेलाचे कौतुक करण्याआधी नत्र थांबवावे आणि फुलोऱ्यापासून पालाश (पोटॅश) अधिक असलेले खत थोड्या प्रमाणात द्यावे.

मादी फुले येऊनही बोटाएवढ्या काकड्या पिवळ्या पडून सुकत असतील, तर बहुधा परागीभवन झालेले नसते. मादी फूल जेमतेम एक दिवस उमललेले असते आणि उंच मजल्यावरील किंवा जाळी लावलेल्या बाल्कनीत मधमाशी पोहोचत नाही. सकाळी लवकर ताजे नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्यातील पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने लावावा. त्याच वेळी फुलांवर पाणी मारणे किंवा कीटकनाशक फवारणे म्हणजे उरलीसुरली शक्यताही घालवणे होय. कडुनिंबाचे तेलसुद्धा संध्याकाळीच फवारावे. पूना खिरा, हिमांगी, फुले शुभांगी यांसारख्या वाणांना परागीभवन लागते. पॉलिहाउससाठीच्या बिनबियांच्या वाणांना मात्र ते लागत नाही, म्हणून बियाण्याचे पाकीट वाचण्यात कमीपणा मानू नये.

कोवळे फळ वाकडे होऊन त्यावर टोचल्याची खूण व डिंकासारखा थेंब दिसला, तर फळ चिरून पाहावे. आत अळ्या असतील तर ते काम फळमाशीचे आहे. येथे एक चूक हमखास होते : आंब्यासाठी वापरतात तो मिथाइल युजेनॉलचा सापळा काकडीजवळ टांगला जातो. काकडीवरील फळमाशीला क्यू ल्युर हे वेगळे आमिष-द्रव्य लागते. त्यातही फक्त नर माश्या अडकतात, त्यामुळे किडलेली फळे रोज गोळा करून घट्ट बांधलेल्या प्लास्टिक पिशवीत उन्हात ठेवावीत. ती कंपोस्टमध्ये टाकल्यास पुढची पिढी आपणच पोसतो.

भर दुपारी पाने खाली लोंबली म्हणून लगेच पाणी ओतू नये. रुंद पानांतून बाष्प वेगाने जाते आणि ऊन उतरल्यावर पाने पुन्हा ताठ होतात. सकाळीही वेल मलूल असेल तर बोटभर खोल माती तपासावी : कोरडी असल्यास पाणी द्यावे, चिखल असल्यास मुळे कुजत असण्याची शक्यता अधिक. एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब, अशी सवय वेलावर ताण आणते. उष्णतेची त्यात भर पडली की फळात कुकुर्बिटासिन हे कडू द्रव्य वाढून काकडी कडू होते. टोक कापून घासल्याने ही कटुता जात नाही. देठाकडचा भाग व साल काढल्यास थोडी कमी होते, इतकेच. बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन आणि एका वेलासाठी किमान १२ ते १५ इंचांची कुंडी असेल, तर माती एकसारखी ओलसर ठेवता येते.

पानांच्या रोगांत भुरी आणि केवडा यांची गल्लत होते. भुरी म्हणजे पानावरील पांढरी पूड. केवड्यात शिरांच्या मधोमध कोनाकृती पिवळे डाग पडतात आणि दमट हवेत पानामागे करड्या रंगाची बुरशी दिसते. भुरीवर गंधक चालते, पण कडक उन्हात ते काकडीची पाने भाजते. केवड्यावर त्याचा भरवसा धरू नये. रोगट पाने काढावीत, वेल ताटीवर चढवून हवा खेळती ठेवावी आणि पाणी बुंध्याशीच द्यावे.

रोपाची मुळे नाजूक असल्याने बी शक्यतो जागेवरच, एक ते दोन सेंटिमीटर खोल लावावे. रोप हलवायचेच असेल तर दोन खरी पाने (बीजदलांनंतर येणारी) येताच मातीच्या गोळ्यासह हलवावे.

काढणी लांबवणे ही शेवटची चूक. मोठी होऊ द्यावीशी वाटणारी एखादी काकडी वेलावर पिवळी पडली की नवी फळे धरणे मंदावते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी कोवळी फळे कात्रीने कापावीत. कोकण-गोव्यातील तवसे मात्र मोठे होऊ देण्यासाठीच लावले जाते, त्याला हा नियम लावू नये. बियांसाठी फळ राखायचे असल्यास ते वेलाच्या उतरत्या काळात राखावे आणि संकरित वाणाचे बी धरू नये, कारण पुढचे वेल मूळ वाणासारखे निघत नाहीत.