गॅसच्या टाकीऐवजी हीट पंप

मेलबर्नमधल्या आमच्या घरातली गॅसवर पाणी तापवणारी जुनी टाकी बुडाशी गळू लागली, तेव्हा हीट पंप बसवला. इथल्या व्हिक्टोरिया राज्य सरकारच्या योजनेतली सवलत बिलातूनच वजा झाली, हे फार बरं झालं. हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतं, म्हणून साध्या हीटरच्या साधारण एक तृतीयांश विजेत भागतं.

पण पहिल्या आठवड्यात पहाटे ३ वाजता पंखा घरघरायचा आणि आईची झोपमोड व्हायची. बसवणाऱ्याने टायमर लावलाच नव्हता! मी वेळ सकाळी १० ते दुपारी ३ केली. तेव्हा छतावरच्या सोलरची वीज असते, हवाही उबदार असते. तापमान मात्र ६० अंशांवरच ठेवलं. कमी केलं तर टाकीत फुफ्फुसांचा आजार करणारे लेजिओनेला जिवाणू वाढू शकतात. आता संध्याकाळीही आईच्या बादलीतून वाफा निघतात.