जुनी गाडी चालू होईना? नवीन सामान आणायच्या आधी या चुका टाळा

"बॅटरी गेली वाटतं, नवीनच टाका." माझ्याकडे दोरीने ओढून आणलेल्या बहुतेक गाड्यांचे मालक हा निकाल घरूनच लावून येतात. बॉनेट उघडलेलं नसतं, व्होल्ट मोजायचा मीटर लावलेला नसतो, पण सामान घ्यायची तयारी झालेली असते. जुन्या गाडीत सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

आधी एवढंच बघा: किल्ली फिरवल्यावर सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर, फिरतो की नाही? फिरत नसेल तर दुखणं बॅटरी, वायरिंग नाहीतर सेल्फमध्ये. जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर ठिणगी पाडणाऱ्या प्लगला करंट मिळत नाही किंवा इंजिनाला पेट्रोल पोचत नाही. या दोन वाटा वेगळ्या आहेत. तरीही सेल्फ फिरत नसताना प्लग बदलून आलेले लोक मी पाहिलेत.

आता ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो ती. अर्थिंगची वायर कोणी बघतच नाही.

जुळे सोलापूरहून एक निवृत्त गुरुजी आले होते. गाडी १९९७ ची, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग), मुलासारखी जपलेली. दीड महिन्यात त्यांनी आधी नवीन बॅटरी टाकली, मग सेल्फ काढून दुरुस्त करून घेतला, मग किल्लीचा स्विच बदलला. साडेसात हजार गेले आणि गाडी तशीच. हेडलाईट लख्ख, हॉर्न खणखणीत, किल्ली फिरवली की नुसतं एक 'टक'. मी गुरुजींना किल्ली फिरवायला सांगितलं आणि क्लचच्या केबलवर हात ठेवला. दोन-तीन वेळा किल्ली फिरवेपर्यंत केबल गरम लागायला लागली.

सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो. तो करंट इंजिनातून परत बॅटरीच्या मायनसला जायला जाड पट्टी असते, हीच ती अर्थिंगची वायर. ती पट्टी खराब झाली की करंट मिळेल ती वाट धरतो, इथे त्याने क्लचची केबल धरली होती. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावलं. सेल्फ मारताना तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं. दिसले जवळजवळ चार. गाडीखाली शिरून गिअरबॉक्सवरचा बोल्ट खोलला, तर पट्टीच्या टोकाखाली हिरवी पूड आणि तारांपैकी अर्ध्या तुटलेल्या. जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, नवीन पट्टी आवळली आणि अर्ध्या फेरीत इंजिन चालू झालं. गुरुजी बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसले होते. त्यांचे साडेसात हजार मला आजही टोचतात, कारण आधीच्या तिन्ही जागी कोणी दहा मिनिटं खाली वाकून बघितलं नाही.

म्हणून तीन-चारशे रुपयांचा मीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. पण आकडा चांगला दिसला म्हणून फसू नका, सेल्फ मारतानाही बघा. तेव्हा तो साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरीवर संशय घ्यायला हरकत नाही, तेही टर्मिनल काढून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतल्यावर आणि बॅटरी एकदा पूर्ण चार्ज करून बघितल्यावर. धुताना ते पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नका.

बॅटरीत बोअरचं पाणी ओतू नका. डिस्टिल्डच.

दुसरी चुकी उतावळ्या पोरांची. गाडी लागली नाही की ॲक्सिलरेटर धपाधप दाबायचा. कार्बोरेटरच्या गाडीत प्रत्येक दाबाला पेट्रोलची एक पिचकारी आत जाते. दहा वेळा दाबलं की प्लग ओलेचिंब, आणि मग तेच म्हणतात, करंट नाही. त्यात मे महिन्यातही सवयीने चोक ओढतात, जो थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देण्यासाठी असतो. आपल्या सोलापुरात तेव्हा पहाटेची हवासुद्धा गरम असते, चोक कशाला लागतो? पेट्रोलचा वास आला की चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि पाच सेकंद सेल्फ मारा. मग अर्धा मिनिट थांबा. हे थांबणं कोणाला जमत नाही, आणि सेल्फ जळतो तो त्यामुळेच. तीन-चार वेळा करूनही नाही झालं तर प्लग काढून वाळवा.

कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल्फ मारणं माझ्या गॅरेजमध्ये बंद आहे. उलटा भडका उडाला तर भुवया जातात, कधी गाडीही जाते.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपरच्या वायरी लावताना काळ्या वायरीचं शेवटचं टोक बंद पडलेल्या बॅटरीला नको, इंजिनाच्या लोखंडाला लावा, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेटतो.

पेट्रोलचा काटा पाव टाकी दाखवतोय यावर जुन्या गाडीत विश्वास ठेवू नका. पाच लिटर टाकून बघा.

आणि उन्हाळ्यातली एक खास चुकी. तुळजापूरला जाताना वाटेत चहाला पंधरा मिनिटं थांबलात, परत आलात तर सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन पकडत नाही. लोक लगेच पंप बदलतात. कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० किंवा पद्मिनीत पेट्रोलचा पंप इंजिनालाच लागून असतो. इंजिन बंद केल्यावर ती उष्णता वर चढते, पंपात आणि पाईपात पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ पंपाला ढकलता येत नाही. बॉनेट उघडून गाडी सावलीत ठेवा, पंपावर ओला फडका टाका, प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर पाणी पडणार नाही एवढं सांभाळा. वीस मिनिटांनी लागते. मी मार्च ते जून डिकीत पाण्याची बाटली आणि एक जुना टॉवेल ठेवतोच.