टेलोमिअर चमकवताय? मग या चुका टाळा

टेलोमिअर म्हणजे क्रोमोसोमची टोकं, ती जिवंत पेशीत चमकवून बघायची. परवा एक पोरगा फोटो घेऊन धावत आला, "मॅडम, टेलोमिअर दिसले!" बघते तर न्यूक्लियसच्या मधोमध एक मोठा हिरवा गोळा, शेजारी एक छोटा. अरे बाबा, हा न्यूक्लिओलस आहे, न्यूक्लियसच्या आतलाच रायबोसोम बनवणारा गोळा. चमकवायला वापरतो ते डीकॅस९-जीएफपी, म्हणजे डीएनए न कापता त्यावर नुसतं बसणारं प्रोटीन आणि त्याला जोडलेलं हिरवं चमकणारं जीएफपी. त्याला गाइड आरएनए, म्हणजे कुठे बसायचं ते सांगणारा तुकडा, मिळाला नाही की ते न्यूक्लिओलसमध्येच जाऊन बसतं, आणि गोळा झकास चमकतो म्हणून सगळे फसतात, मीही एकदा फसलेय. बेंथामियानात, म्हणजे आपल्या लॅबवाल्या तंबाखूत, ३८ क्रोमोसोम, म्हणजे ७६ टोकं. काही एकमेकांना चिकटलेली असतात म्हणून ठिपके कमी दिसतील, पण बारीक आणि विखुरलेलेच दिसणार, दोन गोळे कधीच नाही. म्हणून माझी सवय अशी की त्याच पानावर एक पॅच, म्हणजे टोचलेला भाग, बिनगाइडचा टाकायचा आणि मायक्रोस्कोपखाली आधी तोच बघायचा. पोरांना हे कंटाळवाणं वाटतं, वाटू दे. २०१७ साली जर्मनीतल्या गाटर्सलेबेनच्या गटाने याच झाडात जिवंत पेशीतले टेलोमिअर दाखवले तेव्हा त्यांनीसुद्धा टेलोमिअरला धरणारं टीआरबी१ हे प्रोटीन सोबत वापरून ठिपके पडताळले होते, आणि आपल्याला एका फोटोवर पोस्टर करायचंय!

दुसरी चूक म्हणजे उन्हाळा. एका मे महिन्यात लागोपाठ तीन बॅच कोऱ्या गेल्या. आम्ही प्लाझमिड (ज्यावर आपले जीन असतात ते डीएनएचं वर्तुळ) परत काढलं, सिक्वेन्सिंगला पाठवलं, गाइडला शिव्या घातल्या, एकमेकांनाही घातल्या. शेवटी पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळून मिन-मॅक्स थर्मामीटर आणून झाडांच्या खोलीत टांगला तर मॅक्स ३४! गुरुवारी दिवसभर लाईट नाही, एसी बंद, आणि आम्ही ॲग्रो (ॲग्रोबॅक्टेरियम, आपला डीएनए पानाच्या पेशीत पोचवणारा जीवाणू) टोचायचो बुधवारी संध्याकाळी. २८-२९ च्या वर पारा गेला की ॲग्रोबॅक्टेरियमची डीएनए आत सोडायची यंत्रणाच ढेपाळते. साधा जीएफपीचा पॅच शेजारी टाकला असता तर पहिल्याच बॅचला कळलं असतं, पण घाई होती ना. आता मी शुक्रवारीच टोचते आणि सोमवारी बघते.

बाकीच्या चुका थोडक्यात. फ्रीझरमधून डीकॅस९ ऐवजी चालू कॅस९ ची ट्यूब उचलू नका, ते टेलोमिअर दाखवायच्या ऐवजी कापत बसेल (हसू नका, झालंय). लाल रंगाचा टॅग घेऊन हिरव्यागार पेशीत बघायला गेलात तर क्लोरोफिलच चमकेल, पानाच्या अगदी बाहेरच्या थरात, एपिडर्मिसमध्ये बघा. आणि "एकच जीन दाखवूया" हा हट्ट सोडा, टेलोमिअरमध्ये टीटीटीएजीजीजी हा डीएनएचा तुकडा शेकडो वेळा रांगेत येतो म्हणून एकाच गाइडवर इतकी डीकॅस९ एका जागी जमतात आणि ठिपका उठतो. एका जागेवर एकच बसलं तर आजूबाजूला तरंगणाऱ्या जीएफपीत ते बुडून जाणार, तिथे लेझर वाढवून फक्त ब्लीच होईल, म्हणजे चमकच विझेल.

"ठिपके हलतायत" म्हणून व्हिडिओ पाठवणाऱ्यांनो, टेलोमिअर खरंच हलतात, पण त्याआधी न्यूक्लियस स्वतः किती सरकला ते वजा करा, आणि कव्हरस्लिपखालचं पान सुकलं नाहीये ना तेही बघा. मी दर वीस मिनिटांनी कडेला एक थेंब पाणी सोडते.