जुन्या स्पीकरसाठी अ‍ॅम्प्लिफायर निवडताना

अ‍ॅम्प्लिफायर शोधण्याआधी स्पीकरची जाळी काढून कोनच्या (आत-बाहेर हलून आवाज काढणाऱ्या शंकूच्या) कडेचा फोम बोटाने हलकेच दाबून पाहावा. तो चिकट लागला किंवा त्याचा भुगा पडू लागला, तर आधी तो बदलून घ्यावा, कारण फाटक्या कडेच्या स्पीकरवर कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरची पारख होत नाही.

मग स्पीकरच्या मागे छापलेला ओहमचा, म्हणजे विद्युतरोधाचा, आकडा वाचावा. तो पुसट झाला असल्यास तारा सोडवून मल्टिमीटर लावावा. ८ ओहमचा स्पीकर साधारणपणे ६ ते ७ दाखवतो. ४ ओहमचा स्पीकर जास्त प्रवाह ओढतो, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरवर ४ ओहमची स्पष्ट मुभा नसेल, तर तो जोडू नये.

वॅटच्या आकड्याला लोक अवास्तव महत्त्व देतात. खरा प्रश्न १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल (आवाजाची पातळी) मिळतात, हा आहे. दर ३ डेसिबलला दुप्पट शक्ती लागते. म्हणजे ९५ डेसिबलचा स्पीकर १० वॅटमध्ये जेवढा आवाज देतो, तेवढ्यासाठी ८६ डेसिबलच्या स्पीकरला ८० वॅट लागतात. बीबीसीने १९७०च्या दशकात घडवलेला एलएस३/५ए हा स्पीकर इवलासा दिसतो, पण त्याची भूक मोठी आहे.

दुबळा अ‍ॅम्प्लिफायर सुरक्षित, हा समज मात्र सोडावा. तो पुरता ताणला गेला की ध्वनितरंगांचे माथे छाटले जातात आणि बहुधा ट्वीटरच (उंच पट्टीचे स्वर देणारा छोटा स्पीकर) आधी जळतो.

अ‍ॅम्प्लिफायरही जुनाच असेल, तर स्पीकर जोडण्यापूर्वी त्याच्या टर्मिनलवरील डीसी व्होल्टेज (एकदिश विद्युतदाब) मोजावे. ते ५० मिलिव्होल्टच्या आत असावे.