कोलवाळच्या कारागृहात भेटीला जाताना कागदपत्रांच्या या चुका टाळा

गोव्यात काणकोणहून पहाटे निघून कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहाशी पोचलेल्या नातेवाइकाला ओळखपत्र खिशात असूनही परतावे लागू शकते, कारण त्या ओळखपत्रावरील नाव, अर्जातील नाव आणि कारागृहातील नोंद यांचा मेळ बसत नाही.

त्याआधी अटकेतला माणूस नेमका कुठे आहे, याची खात्री करावी. पोलीस कोठडीतला माणूस पोलिसांच्याच ताब्यात असतो. न्यायालयीन कोठडी मिळाल्यावर त्याची रवानगी कारागृहात होते. (जुनी माणसे अजून ‘आग्वादला नेला’ म्हणतात, पण तिथल्या तुरुंगाचे आता संग्रहालय झाले आहे.)

खरा घोटाळा होतो तो नावांचा. गोव्यात एकाच घरातल्या जुन्या जन्मदाखल्यावर ‘पोरोब’ आणि आधारवर ‘प्रभू’ असू शकते. लग्नानंतरचे आडनाव शिधापत्रिकेवर चढते, मतदार ओळखपत्रावर मात्र माहेरचेच राहते. म्हणून ई-मुलाकातचा, म्हणजे कारागृहातील भेटीसाठीचा ऑनलाइन अर्ज भरताना, जे ओळखपत्र दाखवायचे आहे त्यावरील नाव जसेच्या तसे उतरवावे आणि क्रमांकही त्याचाच द्यावा. अर्जात आधार निवडून फाटकावर वाहन परवाना पुढे करणे म्हणजे नकाराला आपणच निमित्त देणे होय. कैद्याचे व त्याच्या वडिलांचे नावही घरच्या हाकेप्रमाणे न लिहिता एफआयआर किंवा रिमांडच्या (न्यायालयाने कोठडी दिल्याच्या) आदेशावरून घ्यावे. नावात फरक असल्यास दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र सोबत ठेवावे, मात्र ते मान्य करणे अधिकाऱ्यांच्या हाती असते. कायमचा उपाय नोंद दुरुस्त करून घेणे हाच.

ओळख पटली म्हणजे नाते सिद्ध झाले, असेही समजू नये. नव्या आधारवर वडील किंवा पती असा उल्लेख न येता ‘केअर ऑफ’ एवढेच छापले जाते, आणि पॅन कार्डावर तर पत्ताही नसतो. पत्नीने नागरी निबंधकाकडील विवाह दाखल्याची प्रत न्यावी. गोव्यात विवाहनोंदणी सक्तीची असल्याने तो मिळवणे फारसे अवघड नाही. भावंडांना दोघांचे जन्मदाखले उपयोगी पडतात, कारण त्यांवर आईवडिलांची नावे असतात.

मोबाइलमधल्या आधारवर विसंबून राहू नये. डिजिलॉकरमधला दस्तऐवज कायद्याने वैध असला, तरी मोबाइल कारागृहात नेता येत नाही. मूळ कार्ड आणि छायाप्रत दोन्ही सोबत ठेवावीत. छापील आधारावर शेवटचे चारच अंक दिसत असतील, तर क्रमांक पडताळताना अडचण येऊ शकते.

राहिली ती कैद्याच्या बाजूची नोंद. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीनुसार कैद्याने दाखल होताना आपल्याला भेटणाऱ्यांची यादी द्यायची असते आणि भेट त्या यादीपुरती ठेवली जाते. घाबरलेल्या अवस्थेत दिलेल्या यादीत सख्ख्या बहिणीचे नाव राहून जाणे मुळीच अशक्य नाही. तेव्हा वकिलांमार्फत निरोप पाठवून ते नाव, ओळखपत्रावर आहे तसेच, कारागृहाच्या नोंदीत घालून घ्यावे आणि मगच भेटीचा अर्ज करावा.