सोलापुरात नवीन आलात? पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका

सोलापुरात आलात की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी तुम्हाला 'काय बे' म्हणणार. राग मानू नका. इथं दोस्त दोस्ताला म्हणतो, चहावाला गिऱ्हाइकाला म्हणतो. मी १९९८ साली लातूरकडून टॉवेलच्या कारखान्यात कामाला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी यावरून मुकादमाशी भांडलो होतो. पण हेच 'बे' पोलीस ठाण्यातल्या टेबलामागून आलं की त्याची चव बदलते. खोली, गॅस, रेशनकार्ड याबद्दल नव्या माणसाला सगळे सांगतात, ठाण्याबद्दल कुणी सांगत नाही.

आधी आपलं ठाणं कुठलं ते विचारून ठेवा. शहर पोलीस आयुक्तांकडे, बाकीचा जिल्हा ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे. फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, जोडभावी पेठ, विजापूर नाका अशी शहरातली नावं हळूहळू तोंडात बसतात. आपलं काम एका हद्दीत, खोली दुसऱ्या हद्दीत, त्यामुळं 'हे आमच्याकडं येत नाही' हे वाक्य हमखास ऐकू येतं. ऐकून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात त्याची) माहिती कुठल्याही ठाण्यानं घ्यायची आहे, हद्द कुणाचीही असो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. त्याची प्रत फुकट मिळते.

आता माझी फजिती. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत माझा मोबाईल खिशातून मारला. ठाण्यात गेलो, हवालदारानं गोड बोलून कागद लिहिला, मी न वाचता सही केली. घरी येऊन बघतो तर 'मोबाईल गहाळ'. गहाळ म्हणजे माझ्याच हातून पडला! चोरी नाही म्हणून चोर नाही, चोर नाही म्हणून तपास नाही. तेव्हापासून मी कुणाबरोबरही ठाण्यात गेलो की लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लावतो. मारहाणीत दुसरी गंमत होते. डोकं फुटलेलं असतं आणि हातात एनसीची पावती ठेवतात. एनसी म्हणजे अदखलपात्र, न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही.

गुन्हा नोंदवत नसतील तर आवाज चढवू नका, कागद काढा. अर्ज दोन प्रतींत लिहा, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही पोच. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पोलीस उपायुक्तांना पाठवा, पोस्टाची पावती हीच तुमची पोच. तिथंही हललं नाही तर त्याच संहितेच्या कलम १७५ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जाता येतं, पण तिथं आधीचे हे दोन्ही कागद लागतात.

पोलिसानंच मारलं, पैसे उकळले, बेकायदा कोंडून ठेवलं तर? बहुतेक जण त्याच ठाण्याच्या साहेबांकडं तक्रार करतात. चौकशी साहेबांच्याच माणसाकडं जाते आणि 'तथ्य आढळले नाही' असं उत्तर येतं. यासाठी पोलिसांच्या बाहेरचं एक दार आहे, पोलीस तक्रार प्राधिकरण. २००६ साली पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक जिल्ह्याला असं प्राधिकरण करायला सांगितलं होतं. आपल्या राज्यानं २०१४ साली कायदा दुरुस्त केला तो विभागाला एक असा, म्हणून सोलापूरकरांना पुणं गाठावं लागतं. हे मला पटत नाही. रोजंदारी बुडवून अडीचशे किलोमीटर जाणारा माणूस तक्रारच करत नाही, हे कुणाला कळत नसेल असं नाही. तरी अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश असतात, साक्षीदार आणि कागद मागवता येतात. शिक्षा मात्र ते स्वतः देत नाहीत, चौकशीचा अहवाल देतात. नुसत्या 'बे'साठी तिथं जाऊ नका, कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जागा बळकावणं अशा गोष्टींसाठी ते आहे. दुसरं दार मानवी हक्क आयोगाचं. तिथं फी लागत नाही, पण घटनेपासून वर्षाच्या आत जा.

अर्जात तारीख, वेळ आणि ठाण्यातली नेमकी खोली लिहा, त्या वेळचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा अशी लेखी मागणी करा. ठाण्यातलं चित्रण १८ महिने, आणि काही झालं तरी वर्षापेक्षा कमी नाही, इतकं ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलंय. विडी वळणाऱ्या आयाबहिणींनी एवढं लक्षात ठेवावं, की साक्षीदार म्हणून विचारपूस करायची तर बाईला ठाण्यात बोलवता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं.

पुण्याला तक्रार टपालानं पाठवा, सुनावणीला बोलावलं की जा. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस सोयीची. गाडीचं नाव ज्या चार सोलापूरकरांवरून पडलं, त्यांना पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं होतं. त्याच गाडीनं पोलिसांची तक्रार घेऊन जाताना मला दरवेळी ते आठवतं. रिझर्वेशन आधीच करा, आणि मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ घरी ट्रंकेत.